आर्मीची जुनी गाडी घ्यायचीय? जोंगा, शक्तिमान आणि आरटीओचा पेच आधी समजून घ्या

"आर्मी ऑक्शन! जोंगा फक्त ६० हजारात!" अशी एखादी रील तुमच्या फोनवर एव्हाना येऊन गेली असेलच. मैदानात ओळीने उभ्या हिरव्या गाड्या, मागे दणदणीत म्युझिक आणि खाली कमेंटमध्ये "प्राइस प्लीज"चा पाऊस. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालवताना दिसला, तेव्हापासून तर या गाड्यांचं वेड आणखी वाढलंय.

मित्रांनो, गाडी भारी आहे यात वाद नाही. पण आर्मीची जुनी गाडी विकत घेणं हा सगळ्या प्रकरणातला सोपा भाग आहे. ती रस्त्यावर कायदेशीर ठेवणं हे खरं काम. त्यातही जीप किंवा जोंगा असेल तर वाट सापडते. शक्तिमानसारखा मोठा ट्रक असेल तर तो नियमांच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध पडतो. हे नेमकं कसं होतं, ते नीट बघू.

आधी गाड्यांची ओळख

आपल्याकडे गावात अजूनही जुने लोक "डिस्पोजलचा ट्रक", "डिस्पोजलची जीप" असं म्हणतात. हा शब्द आला दुसऱ्या महायुद्धातून. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांनी भारतात आणलेल्या हजारो गाड्या इथेच राहिल्या. सरकारने त्या विकून टाकल्या. लष्करी फोर्ड, शेवरोले, डॉज ट्रकांवर लाकडी हौदे चढले आणि ते मालवाहतुकीला लागले. काहींच्या तर बस झाल्या. जीपचंही तसंच. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, पण त्याआधीच फौजेतून बाहेर पडलेल्या जीप लोकांच्या हातात आल्या होत्या.

पुढची पिढी जबलपूरची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ट्रक बनायला लागला, त्याचं नाव शक्तिमान. पुढे व्हेइकल फॅक्टरी जबलपूर उभी राहिली आणि तिथून निसानच्या परवान्याखालच्या दोन गाड्या आल्या. एक टनी निसान कॅरिअर, आणि निसान पेट्रोलवर बेतलेली आपली जोंगा. (इथे पेट्रोल म्हणजे गस्त, इंधन नव्हे. अर्थात ती इंधनही भरपूर पिते, ते पुढे येईलच.) जोंगा हे नाव जपानी वाटतं, पण ते जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यातल्या अक्षरांचं आहे. १९६९ पासून १९९९ पर्यंत ती बनत होती. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आजच्या बहुतेक एसयूव्हींचं इंजिन यापुढे निम्मंच भरेल.

शक्तिमानची जागा नंतर अशोक लेलँडच्या स्टॅलियनने घेतली, आणि जोंगाची बरीचशी कामं मारुती जिप्सीकडे गेली. आज रील्समध्ये ज्या "आर्मी गाड्या" दिसतात त्यातल्या पुष्कळशा जिप्सीच असतात.

ही गाडी चालते तरी कशी?

तुम्ही नेहमीच्या कारवर शिकला असाल तर पहिल्याच दिवशी जुनी फौजी गाडी तुम्हाला जमिनीवर आणते. जुन्या गिअरबॉक्समध्ये खालच्या गिअरना सिंक्रोनायझर नसतो. म्हणून डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडा रेस द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर टाका. चुकलात की कर्रर्र असा आवाज होतो आणि बाजूला बसलेला मिस्त्री कपाळाला हात लावतो.

दुसरी गोष्ट फोर बाय फोर. जुन्या गाड्यांत ट्रान्सफर केस असते, जी पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना ताकद वाटते. आपल्याकडचे जीपवाले तिच्या लो रेंजला "स्पेशल गिअर" म्हणतात. पण या केसमध्ये मधला डिफरेन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून डांबरावर फोर बाय फोर लावून ऐटीत फिरणं म्हणजे क्राउन पिनियनला स्वतःहून खड्ड्यात घालणं. रील बनवायची म्हणून हे करू नका, पार्ट मिळत नाहीत.

एक गंमत सांगतो. आर्मीच्या ट्रकच्या मागे कधी गेलात तर खाली वाकून बघा. मागच्या ॲक्सलचा गोल गोळा, म्हणजे डिफरेन्शियल, पांढरा रंगवलेला दिसेल. त्याच्यावर एक छोटा दिवा असतो. रात्री सगळे हेडलाइट बंद करून ताफा जातो तेव्हा मागच्या ड्रायव्हरला फक्त तो अंधुक पांढरा गोल दिसतो आणि त्याच्या मागे तो गाडी चालवतो. वरून बघणाऱ्या विमानाला मात्र काही दिसत नाही. जीपीएस नव्हतं तेव्हाचं हे तंत्र, आणि खर्च किती, तर एक डबा पांढरा रंग.

मोठ्या ट्रकची एक गोष्ट मात्र गमतीची नाही. जुन्या ट्रकच्या चाकाची रिम एकसंध नसते. टायर बसवून वरून एक लोखंडी रिंग अडकवतात. ती गंजलेली असेल किंवा नीट बसली नसेल तर हवा भरताना तोफगोळ्यासारखी उडते. अशा अपघातात माणसं मेली आहेत. टायरवाल्याकडे पिंजरा असेल तरच हवा भरून घ्या आणि भरताना समोर उभे राहू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचायला शिका. "१४१९" म्हणजे २०१९ सालचा १४ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी दहा-बारा वर्षांचं रबर आतून मेलेलं असतं.

बुधवार पेठेतलं काम: वायरिंग

इंजिनाला घाबरणारे पुष्कळ असतात, पण जुनी फौजी गाडी बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा वायरिंग असतं. कापडी आवरणाच्या वायरी कुजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, मधल्या तीन मालकांनी तीन रंगांच्या वायरी जोडलेल्या. इथे आपल्या पिढीला जरा वाव आहे, कारण मोबाईलची बॅटरी आणि चार्जर कळणाऱ्याला हे लवकर कळतं.

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. महायुद्धातल्या जीप ६ व्होल्टच्या. साध्या कार १२ व्होल्टच्या. अवजड ट्रक २४ व्होल्टचे. २४ का? तर स्टार्टरला, म्हणजे आपल्या भाषेत सेल्फला, ठरावीक ताकद हवी असते. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो, आणि करंट निम्मा झाला की वायर बारीक चालते आणि कमी तापते. तुमच्या फोनचा फास्ट चार्जर ५ ऐवजी ९ व्होल्ट देतो त्यामागेही हाच हिशोब आहे.

२४ व्होल्ट म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. आता लोक काय करतात? फोन चार्जर किंवा म्युझिक सिस्टीम लावायला त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. काही दिवस चालतं. मग ती एक बॅटरी सतत अर्धवट राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही मरतात. यावर उपाय २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर. साधा यूएसबी चार्जर लावायचा असेल तर त्यावर "१२-२४ व्ही" छापलंय का ते बघा. बहुतेकांवर असतं. तेवढ्यावर काम होतं.

हे सामान घ्यायला पुण्यात वेगळं कुठे जायला नको. बुधवार पेठेत तापकीर गल्ली आहेच. वायर, लग, स्लीव्ह, फ्यूज, स्विच, सगळं. फक्त एक लक्षात ठेवा, घरगुती वायर गाडीत घालू नका. गाडीत कंप असतो, तेल असतं, इंजिनाची धग असते. तिथे ऑटो वायरच हवी. ट्रकचे २४ व्होल्टचे बल्ब, डायनॅमोचे ब्रश, कटआउट वगैरे हवं असेल तर नाना पेठेचा स्पेअर पार्टचा बाजार. आणि हो, सामान आणायला टू-व्हीलर किंवा बसने जा. अप्पा बळवंत चौकात शक्तिमान घेऊन जायचं स्वप्न बघत असाल तर सोडून द्या. शहराच्या मध्यवर्ती पेठांत अवजड वाहनांवर निर्बंध आहेत, आणि नसते तरी ट्रक वळला नसता.

खरेदी: कोणाकडून आणि कशी

आर्मी गाडी विकते म्हणजे एखादा जवान विकत नाही. वापरातून काढलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, आणि सरकारी लिलाव मुख्यतः एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या वेबसाइटवर होतात. तिथे नोंदणी करावी लागते, आगाऊ रक्कम भरावी लागते, ठरलेल्या दिवशी माल प्रत्यक्ष बघता येतो. गाडी "जिथे आहे, जशी आहे" या अटीवर मिळते. इंजिन आतून जाम आहे, गिअरबॉक्स नाहीच आहे, हे नंतर कळलं तर तक्रारीला जागा नाही. वर जीएसटी. बऱ्याचदा एकेक गाडी न विकता गठ्ठ्याने लॉट विकतात, म्हणून तिथे तुमच्या-माझ्यापेक्षा भंगार व्यापारी जास्त असतात. रीलमधल्या गाड्या या व्यापाऱ्यांच्या गोडाऊनमधल्या असतात. त्यात गैर काही नाही, पण ते "आर्मी ऑक्शन" नव्हे, ते सेकंडहँड दुकान आहे.

इथे एकच कागद सोन्याचा आहे: फॉर्म २१. नवी गाडी घेताना शोरूमवाला जो विक्रीचा दाखला देतो तोच हा फॉर्म. लष्करातून आलेल्या गाडीसाठी तो संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेला, आणि मूळ प्रत, लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. फौजेत असताना गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली ती संरक्षण खात्याच्या हिशोबात असते. म्हणून तिला बाणाचा नंबर असतो: वर टोक असलेला बाण, मग साधारण सैन्यात दाखल झाल्याच्या वर्षाचे दोन आकडे, मग गाडीचा प्रकार सांगणारं अक्षर आणि अनुक्रमांक. ती विकली गेली की बाणाचा नंबर संपतो आणि आरटीओकडे नव्याने नोंदणी करावी लागते. फॉर्म २१ नसेल तर आरटीओच्या दृष्टीने तुमच्याकडे गाडी नाही, लोखंड आहे.

व्यापारी म्हणाला "पेपर नंतर देतो", तर पैसेही नंतर द्या.

आणि गाडी आधीच कोणाच्या नावावर असेल तर एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. मालक, नोंदणीची मुदत, विमा दिसेल. मग चेसिस नंबर प्रत्यक्ष चेसिसवर जाऊन जुळवा. फक्त व्हॉट्सॲपवर आलेल्या आरसीच्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

फसवणुकीचा ठरलेला फॉर्म्युला

जाहिरातींच्या साइटवर एक जाळं गेली अनेक वर्षं चालू आहे. गाडी झकास, किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा सांगतो, मी फौजेत आहे, बदली झालीय, म्हणून घाईने विकतोय. ओळखपत्राचा, कँटीन कार्डचा, गणवेशातला फोटो पाठवतो. गाडी छावणीत आहे, बघायला आत येता येणार नाही, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो. आधी फक्त दोन-तीन हजार भरा. ते भरले की जीएसटी, मग गेटपास, मग विमा, मग "रिफंड"साठी क्यूआर कोड.

गणवेश बघून आपण विश्वास ठेवतो आणि चोर त्याचाच फायदा घेतात. एक साधी गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता मुख्य पेच: जुनी गाडी, पण "व्हिंटेज" कोणती?

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. वय ५० वर्षांहून जास्त, मूळ रूपात जपलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिला व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

वाचून वाटेल, झालं की मग! पण व्याख्या नीट वाचा. ती फक्त दुचाकी आणि एम-१ प्रकारच्या चारचाकीसाठी आहे. एम-१ म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ माणसांची प्रवासी गाडी. विलीज जीप यात बसू शकते. जोंगा आसनांच्या हिशोबाने बसवता येते. शक्तिमान मात्र मालवाहू ट्रक आहे, एन गटातला. तो साठ वर्षांचा असो, त्याचा नटबोल्ट नि नटबोल्ट मूळचा असो, या नियमाच्या लेखी तो व्हिंटेज नाहीच.

वयाचाही घोळ आहे. नियमात ५० वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. समजा, १९७० साली बनलेली जोंगा फौजेत राहिली आणि १९९५ साली लिलावात जाऊन आरटीओकडे नोंदली गेली. शब्दशः धरलं तर तिची पन्नाशी २०४५ मध्ये भरते! म्हणून अर्ज करण्याआधी आरटीओकडून लेखी विचारून घ्या आणि बाणाच्या नंबराचा उल्लेख असलेला लिलावाचा प्रत्येक कागद जपा. वय सिद्ध करायला तोच उपयोगी पडेल.

व्हिंटेजचं दार बंद असेल तर नेहमीची नोंदणी उरते. खासगी गाडी असेल तर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढलं: हलक्या चारचाकीला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला तब्बल ८०,०००. युद्धातली अमेरिकेत बनलेली जीप हौसेने बाळगणाऱ्याने हा दुसरा आकडा नीट वाचावा.

ट्रकचं काय? तो मालवाहू म्हणून नोंदला तर कायद्याला तो व्यावसायिक ट्रक दिसतो, तुम्ही त्यात कधी कांद्याचं पोतंही टाकलं नाही तरी. मग फिटनेस, कर, आणि एकूण वजन ३,००० किलोच्या वर असल्याने परमिटचा प्रश्न. एकूण वजन ७,५०० किलोच्या पुढे गेलं तर साध्या कारच्या लायसन्सवर चालवताही येणार नाही, अवजड वाहनाचं काढावं लागेल. वर्षातून दोनदा प्रदर्शनाला न्यायच्या गाडीला रोज माल वाहणाऱ्या ट्रकाचे सगळे नियम. माझ्या मते ही सरळ सरळ नियमातली उणीव आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या ऐतिहासिक गाडीला रस्ता करातून सूट मिळते, आणि रणगाड्यासारख्या साखळीच्या वाहनासाठी लायसन्सचा वेगळा वर्ग आहे. तिथे लोक निकामी तोफ असलेले रणगाडे घरी बाळगतात आणि उन्हाळ्यात मैदानात आणून चालवतात. आपल्याकडे रणगाडा सोडा, हौदावाला ट्रकसुद्धा "हौस" या खात्यात बसत नाही. म्हणून शक्तिमान जपणारे कमी आणि तो कापून लोखंड विकणारे जास्त.

त्यात पुरवठाही आटत चाललाय. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यांनी मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात जायचं, असा नियम लागू झाला. चिलखती आणि लष्करी कामाच्या खास वाहनांना त्यातून वगळलंय. पण वारं कुठे वाहतंय ते दिसतंच.

हिरव्या रंगाची भानगड

हा भाग वाचून बरेच जण दचकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे तुमची जोंगा जन्माने हिरवी असली तरी तुमच्या नावावर झाल्यावर ती त्या हिरव्यात ठेवता येत नाही. एकीकडे व्हिंटेजचा नियम म्हणतो मूळ रूप जपा, दुसरीकडे रंगाचा नियम म्हणतो मूळ रंग नको. मालक मग वाळूचा रंग, राखाडी किंवा गडद वेगळा हिरवा मारतात आणि आरसीवर तोच रंग लिहून घेतात.

बाणाचा नंबर, युनिटची चिन्हं, ताऱ्यांची पाटी, "आर्मी" लिहिलेलं स्टिकर, हेही नको. पुण्यासारख्या शहरात, जिथे दोन किलोमीटरवर छावणी लागते, तिथे हे कोणाच्या तरी डोळ्यात येणारच, आणि ते गमतीने घेतलं जाणार नाही.

इंजिन बदलण्याचंही तसंच. जोंगाचं पेट्रोल इंजिन लिटरला पाच किलोमीटर गेलं तरी मालक पेढे वाटतो, म्हणून खूप जणांनी त्यात डिझेल इंजिन बसवून टाकलं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला चाप लावला. आरटीओच्या परवानगीशिवाय बदललेलं इंजिन असलेली गाडी म्हणजे विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण.

ई-२० आणि जुनं रबर

आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. नव्या गाडीत मायलेज थोडं पडतं एवढंच. पण जुन्या फौजी गाडीचे पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते.

उपाय महाग नाही. पेट्रोलचे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. टाकी फार दिवस अर्धी ठेवू नका. गाडी उभी ठेवायचीच असेल तर पेट्रोल काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. आणि गाडीत अग्निशामक ठेवा. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल ही या जुन्या गाड्यांची सर्वात वाईट सवय आहे.

बघायचं असेल तर: नगर

घ्यायची नसेल, नुसती बघायची असेल, तर पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवर अहिल्यानगर आहे. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या कॅव्हलरी टँक म्युझियमचं उद्घाटन फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झालं. रोल्स-रॉइसची चिलखती कार, ब्रिटिश मॅटिल्डा आणि व्हॅलेंटाइन, जपानी रणगाडे, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, आपला विजयंता, सगळे उघड्यावर शांत उभे आहेत.

याच संस्थेत पूना हॉर्स रेजिमेंटचा एक सेंच्युरियन रणगाडाही जपलाय, त्याचं नाव फामागुस्ता. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात लढता लढता शहीद झाले. वय २१. जन्म पुण्याचा. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लढाईत फुटलेला तो रणगाडा नंतर दुरुस्त केला गेला. जुनं लोखंड का जपायचं, असं कोणी विचारलं तर त्याला नगरची बस दाखवा.

आणि गावाकडच्या झाडाखालच्या जीपचं काय?

पुष्कळ घरांत आजोबांनी घेतलेली डिस्पोजलची जीप गोठ्यामागे उभी असते. ती विकायची की जपायची हे नंतर ठरवा. या सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढं करा. डॅशबोर्डवरची आणि बोनेटखालची धातूची पट्टी ओल्या फडक्याने पुसून तिचा जवळून फोटो काढा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या, आरटीओत हीच छाप मागतात. आजीच्या ट्रंकेत जुनं आरसी बुक, कराच्या पावत्या, लिलावाचं पत्र आहे का ते शोधा आणि स्कॅन करून ठेवा. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर वारस नोंदीचं काम आत्ताच सुरू करा, कारण सह्या देणारी काका-आत्यांची पिढीही आता सत्तरीत आहे. आणि सेल्फ मारून बघायचा मोह झालाच तर थांबा. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडा, दोन दिवस ठेवा, आणि मग हँडलने हाताने हळूच फिरवा.